उतरल्यानंतरचा सुखांक

पूर्वी लांबच्या विमानातून उतरलेली माणसे लगेच ओळखू येत. कमरेवर हात, मान एका बाजूला कललेली, आणि कुठल्या तरी पिशवीवरून नवरा-बायकोत चाललेली कुरबुर. 'निर्भार' खुर्ची आल्यापासून हे दृश्य दिसेनासे झाले होते. सोळा तास हवेत काढून बिझनेस क्लासची मंडळी बाहेर येत ती बागेत चक्कर मारून आल्यासारखी. काही जण तर दाराशी उभ्या असलेल्या हवाई सुंदरीला मिठी मारत.

पुण्याहून व्हँकुव्हरला थेट जाणाऱ्या विमानात अजून दोन्ही प्रकारच्या खुर्च्या होत्या. पुढच्या चार रांगा जुन्या, मागच्या आठ नव्या. जुनी खुर्ची म्हणजे पंचवीस-तीस वर्षे सगळ्यांनी पाहिलेली, कळ दाबली की कुरकुरत आडवी होणारी. नवी दिसायला सडपातळ, हलक्या राखी रंगाची, डोक्याशी चंद्रकोरीसारखी उशी असलेली. दोन्हींतली अधिक आरामाची कोणती हे ठरवण्यासाठी सरकारमान्य 'तुलनाकार' नेमले होते. अच्युतराव रणदिवे हे त्यांतले सर्वांत वयस्कर आणि, कंपनीच्या मते, सर्वांत भरवशाचे.

काम सोपे होते. जाताना जुन्या खुर्चीत, अगदी पहिल्या रांगेत, कानांत कंपनीने दिलेले बोळे घालून बसायचे, येताना नव्या. उतरल्यावर अर्ध्या तासाने वीस प्रश्नांचा तक्ता भरायचा. मान कशी आहे, कंबर कशी आहे, झोप लागली का, चिडचिड झाली का. उत्तरांची शंभरपैकी जी बेरीज येई, तो त्या खुर्चीचा 'सुखांक'. दीड वर्षात अच्युतरावांनी अशा बारा खेपा केल्या होत्या. जुन्या खुर्चीचा सुखांक चाळिसाच्या आसपास घुटमळे, नवीचा कधी नव्वदच्या खाली आला नाही.

एवढा फरक त्यांच्या मनाला पटत नसे. पण आपल्या मनाला पुष्कळच गोष्टी पटत नाहीत, असे म्हणून ते सही करत.

ही सही कंपनीला फार मोलाची वाटे, कारण तिच्यामागे चौतीस वर्षांची नोकरी होती. अच्युतराव सातारा जिल्ह्यात वजनमापे निरीक्षक होते. आठवडी बाजारात बसून तराजू आणि वजने तपासायची, खरी असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायची. त्यांच्या पहिल्या साहेबांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, की आकडा जागेवर लिहायचा. काटा डोळ्यांसमोर असताना पेन्सिलीने टिपायचा. घरी जाऊन आठवून लिहिलेला आकडा कितीही खरा वाटला, तरी तो कागद चुलीत टाकण्याच्या लायकीचा.

कंपनीचा नियम नेमका उलटा होता. प्रवासात तुलनाकाराने काहीही लिहायचे नाही, पेन्सिलसुद्धा जवळ ठेवायची नाही. लिहायला बसले की लक्ष दुखण्याकडे जाते आणि मोजमाप बिघडते, असे कारण त्यांनी दिले होते. पहिल्या दिवशी अच्युतरावांना हे खटकले. पण प्रत्येक खेपेला व्हँकुव्हरमध्ये दोन दिवस मुक्काम असे, आणि तिथे त्यांची एकुलती एक मुलगी केतकी राहत होती. त्यांनी खटकलेले गिळले. पुढे जे घडले त्यात आपला दोष नेमका कुठून सुरू झाला याचा विचार करताना ते दर वेळी या दिवसापाशी येऊन थांबत.

कुमुदताई, त्यांच्या पत्नी, पाच वर्षांपूर्वी एकदाच केतकीकडे गेल्या होत्या, जुन्या खुर्चीतून. त्यांच्या मणक्याची गादी सरकलेली होती. सोळा तासांत कमरेपासून पोटरीपर्यंत अशी कळ लागली, की परत आल्यावर त्यांनी सामानाची बॅग भंगारवाल्याला देऊन टाकली. पुढच्या वर्षी केतकीने तिकडेच लग्न केले, तेव्हाही त्या गेल्या नाहीत. घरात भिंतीवरच्या पडद्यापुढे पैठणी नेसून बसल्या आणि अक्षता पडद्यावर टाकल्या.

केतकीला एक्केचाळिसाव्या वर्षी दिवस गेले. कंपनीने अच्युतरावांच्या सेवेची कदर म्हणून दोघांना नव्या खुर्चीची जागा देऊ केली. "माझ्या शब्दावर चल," असे अच्युतराव त्या वेळी बायकोला म्हणाले. फेब्रुवारीत दोघे निघाली. ही खेप कामाची नव्हती, त्यामुळे अच्युतरावांच्या खिशात पेन्सिल होती. ते वाचनाचे वेडे, आणि पेन्सिलीवाचून त्यांना वाचता येत नसे.

व्हँकुव्हरला उतरल्यावर कुमुदताई विमानाच्या दारापुढच्या बोळातून झपझप चालू लागल्या. "अहो, काय बाई ही खुर्ची! सिनेमा बघितला, ते गाजराचं सूप प्यायले, जरा डोळा लागला, आणि आलं की गाव! उगाच पाच वर्षं फुकट घालवली मी."

अच्युतराव त्यांच्या मागून बाहेर पडत होते. दाराशी पर्णिका नावाची हवाई सुंदरी उभी होती. बारा खेपांत तिची त्यांची चांगली ओळख झाली होती. तिने हळूच विचारले, "काका, काकू आता बऱ्या आहेत ना?"

"आता म्हणजे? काय झालं होतं तिला?"

पर्णिकाचा चेहरा उतरला. "काही नाही हो. सहज आपलं." आणि ती घाईने मागच्या माणसाकडे वळून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीच्या घरी अच्युतराव विमानातले पुस्तक पुढे वाचायला बसले. खूण कुठे घातली ते सापडेना म्हणून पाने चाळता चाळता ते शेवटच्या कोऱ्या पानावर आले. ते पान कोरे नव्हते. त्यांच्याच बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरांनी ते भरलेले होते.

'१.४०. कंबर, दहापैकी ६. पाठीच्या मध्ये आडवी पट्टी रुतते. २.१०. कंबर ७. २.४०. कंबर ८. कुमुद जागी. उजव्या पोटरीत कळ. पर्णिका म्हणाली, उतरेपर्यंत कळ काढा, मग काही वाटत नाही, सगळ्यांचं असंच असतं. ३.१०. कुमुद रडते आहे. माझा हात धरून म्हणते, मला उठवा. उठवले. उभे राहू देत नाहीत, विमान हलते आहे. ५.३०. अजून रडते आहे. सगळ्या रांगा कण्हत आहेत. आता समजले. मागच्या बारा खेपाही अशाच गेल्या असणार. आठवणार नाही म्हणून जागेवर लिहून ठेवतो. अच्युत, हे वाचलेस तर सही करू नकोस.'

त्यांनी ते पान तीनदा वाचले. अक्षर त्यांचे होते, नोंदीची पद्धत त्यांची होती. आठवत मात्र काहीच नव्हते. सिनेमा आठवत होता, गाजराचे सूप आठवत होते, पंखाखालचा एक पांढरा डोंगर आठवत होता.

निर्भार खुर्चीची शास्त्रज्ञ होती डॉ. नसीम मुजावर. मूळची मिरजेची, चाळिशीची, भराभरा बोलणारी. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती व्हँकुव्हरच्या विमानतळामागच्या शेडमध्ये खुर्च्या तपासायला येई. अच्युतराव पुस्तक काखेत मारून तिथे पोचले. शेडमध्ये एक जुनी आणि एक नवी खुर्ची शेजारी शेजारी मांडलेली होती. दोन्हींची कातडी सोललेली, आतला स्पंज आणि सांगाडा उघडा.

"या रणदिवेसाहेब, बसा. म्हणजे ह्यात नको, त्या स्टुलावर बसा," ती हसत म्हणाली. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला.

अच्युतरावांनी ते पान तिच्यापुढे धरले. तिने ते उभ्या उभ्या वाचले आणि स्वतःच स्टुलावर बसली.

"तुम्ही फसवलंत मला," अच्युतराव म्हणाले. त्यांना कोणावर आवाज चढवता येत नसे, त्यामुळे वाक्य फार मवाळ आले.

"तिकिटाच्या मागं लिहिलंय, साहेब. प्रवासातल्या अस्वस्थतेच्या स्मृतीत फरक पडू शकतो. तुमची सही आहे त्याच्याखाली."

"मला शास्त्र कळत नाही, डॉक्टर. मला समजेल असं सांगा."

तिने उठून नव्या खुर्चीच्या डोक्याकडची चंद्रकोरी उशी उघडली. आत तळहाताएवढी एक चकती होती. "कागदोपत्री हिचं नाव स्मृतिनियंत्रक. आम्ही शेडमध्ये हिला पुसणी म्हणतो, पाटीची असते तशी. बघा, दुखणं वेगळं आणि दुखण्याची आठवण वेगळी. दुखतं ते त्या क्षणी दुखतं. त्याची आठवण मेंदूत पक्की व्हायला मात्र वेळ लागतो. ओल्या सिमेंटवरून मांजर चालत गेलं तर ठसा लगेच वाळतो का? तेवढ्यात कुणी थापी फिरवली तर ठसा राहत नाही. ही चकती थापी फिरवते. शरीर दुखतंय असा निरोप मेंदूकडं निघाला, की त्या वेळचं सगळं पुसायचं. जे बोललात, जे ऐकलंत, सगळं. मधले जे बरे क्षण उरतात ते मेंदू आपले आपण एकमेकांना शिवतो. तुम्हाला वाटतं, प्रवास छान झाला."

"पण मांजर चाललेलं असतं."

"काय?"

"ठसा नसला तरी मांजर त्या सिमेंटवरून चाललेलं असतं ना?"

नसीमने चकती मुठीत घेतली. "असतं," ती म्हणाली.

मग तिने सगळेच सांगितले. नवी खुर्ची चार बोटे अरुंद होती आणि अकरा किलोंनी हलकी. स्पंज निम्मा, मध्ये आडवी पट्टी. त्यामुळे विमानात दोन रांगा जास्त बसत. शेवटची चाळीस मिनिटे खुर्ची खरोखर शेकत असे, पाठ चोळत असे, म्हणजे उतरताना अंग मोकळे झालेले असे. "शरीराला इजा काही होत नाही, ते आम्ही पाहिलंय. आणि असं बघा, ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर काही इंजेक्शनं अशीच देतात. माणूस तेव्हा कण्हतो, दुसऱ्या दिवशी म्हणतो काहीच कळलं नाही, आणि आभार मानून घरी जातो. त्याला तुम्ही फसवणूक म्हणाल?"

"तिथं त्याचा जीव वाचवायचा असतो. इथं दोन रांगा जास्त बसवायच्या असतात."

नसीम उशीची शिवण चाचपू लागली.

"तुम्ही स्वतः कशातून येता?" अच्युतरावांनी विचारले.

"ह्यातूनच. छान येते." ती खाली बघून म्हणाली. "मी लिहायला काही घेत नाही बरोबर."

अच्युतरावांनी कोट काढून स्टुलावर ठेवला. "पुसणी बंद करा. मला दोन्हींत बसायचंय. घड्याळ लावा."

नव्या खुर्चीत पहिली पाच मिनिटे ठीक गेली. दहाव्या मिनिटाला ती पट्टी जाणवू लागली. पंधराव्याला कमरेत कुणी अंगठा रोवून धरल्यासारखे झाले. वीस मिनिटांनी ते उठले तेव्हा त्यांना नसीमच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. मग जुनी खुर्ची. ती कुरकुरली, मधोमध खचली, मानेला नीट टेका देईना. बारा खेपांचा सगळा त्रास त्यांना आठवला. पण वीस मिनिटे झाल्यावर ते आपले आपण उठले. त्यांनी जागेवरच पेन्सिलीने लिहिले, दुखणे दहापैकी, जुनी ३, नवी ८.

दीड वर्ष आपण उलटा तराजू खरा म्हणून शिक्के मारत आलो, हे त्यांना त्या दोन आकड्यांत दिसले. चौतीस वर्षांत असा तराजू कोणा दुकानदाराकडे सापडला असता, तर त्यांनी तो भर बाजारात फोडला असता.

"मे महिन्याचा अहवाल शेवटचा आहे," ते म्हणाले. "त्यावर सरकार ठरवणार आहे, सगळ्या विमानांत हीच खुर्ची बसवायची की नाही. मी खरं लिहीन."

"लिहा. तुमच्या शब्दाला तेवढं वजन आहे. मला राग येणार नाही." नसीमने चकती पुन्हा उशीत बसवली. "फक्त त्याआधी एकदा काकूंना विचारा. मी दोनशे प्रवाशांना हे सगळं खरं खरं सांगून विचारलं होतं. एकशे ब्याण्णव जण म्हणाले, पुढच्या वेळी हीच खुर्ची द्या."

"आणि बाकीचे आठ?"

"ते म्हणाले, आम्हाला सांगायला नको होतं."

मार्चच्या शेवटी केतकीला मुलगी झाली. अच्युतरावांना बायकोशी बोलायला त्यानंतरही सहा आठवडे लागले. एका दुपारी कुमुदताई पाय लांब करून बसल्या होत्या आणि नातीला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. अच्युतरावांनी तिथेच ते पान वाचून दाखवले. चकतीचे सांगितले, शेडमधले दोन आकडे सांगितले.

"मी रडले?" कुमुदताईंचा हात थांबला नाही.

"हो."

"किती वेळ?"

"जेवढं लिहिलंय त्यावरून सव्वादोन तास तरी. पुढचं माहीत नाही. पान संपलं होतं."

"मला तर सूप आठवतं." त्यांनी बाळाला पालथे केले. "अहो, मग रडलं कोण?"

"कोण म्हणजे? तूच."

"मी ही इथं बसलेय. मला विचारा ना. मी सांगते, मजेत आले."

"कुमुद, मी पेन्सिलीनं लिहिलंय ते."

"लिहिलं असेल. तुम्ही कशाचंही लिहून ठेवता."

"जुन्या खुर्चीत कमी दुखेल तुला. निम्म्याहून कमी. मी स्वतः बसून पाहिलंय."

आता मात्र कुमुदताईंचा हात थांबला. "कमी दुखेल आणि जन्मभर आठवेल. मी पाच वर्षं स्वप्नात त्या खुर्चीत बसत होते, ते तुम्हाला कुठं माहीत? तुम्ही घोरत असायचात. लेकीच्या लग्नाच्या अक्षता भिंतीवर टाकल्या मी, त्या खुर्चीपायी. नंतर केरसुणीनं गोळा केल्या." त्यांनी बाळाच्या टाळूवर तेल थापले. "ही बया मला बघून हसायला लागलीय. ऑक्टोबरात हिचं उष्टावण आहे. तुम्ही ती खुर्ची बंद पाडलीत तर मी येणार कशी?"

अच्युतरावांनी पुस्तक मिटले.

"मला एक वचन द्या. विमानात मी काहीही बोलले तरी ऐकायचं नाही. तिथली मी शहाणी नसते."

त्यांनी वचन दिले.

मे महिन्यात दोघे परत निघाली तेव्हा अच्युतराव कामावर होते. जाताना नवी झाली होती, म्हणून येताना त्यांना जुनी खुर्ची होती; पहिली रांग सोडून त्यांनी या वेळी चौथ्या रांगेतली कडेची मागून घेतली होती, आणि कानांतले बोळे खिशातच ठेवले होते. कुमुदताई त्यांच्या लगेच मागे, पाचव्या रांगेत, नव्या खुर्चीत. आपल्याला सगळे आठवणार आहे, हे या वेळी त्यांना पक्के माहीत होते.

दोन तासांनी मागून पहिला हुंकार ऐकू आला. मग त्यामागच्या रांगेतून, मग त्याच्याही मागून. माणसे कूस बदलत होती, उशा मागत होती, कपाळ दाबत होती. पर्णिका गरम टॉवेल घेऊन फिरत होती आणि प्रत्येकाला सांगत होती, "उतरल्यावर बोलू हं आपण." एका जाड्या गृहस्थांनी तक्रारवही मागून घेतली आणि रागारागाने पानभर मजकूर लिहिला. पर्णिकाने ती वही अदबीने परत घेतली.

"रोज हेच?" अच्युतरावांनी तिला विचारले.

"रोज, काका. पहिल्या महिन्यात मी घरी जाऊन रडायचे. पण उतरताना तेच लोक मिठ्या मारतात. मग मी कुणाचं खरं धरू?"

तेवढ्यात कुमुदताईंनी हाक मारली. अच्युतराव उठून त्यांच्या खुर्चीशी उभे राहिले. कुमुदताईंचे ओठ पांढरे पडले होते.

"अहो, मला इथून उठवा."

"कुमुद, तू म्हणाली होतीस..."

"माहितेय मी काय म्हणाले होते. पोटरी तुटतेय माझी. मला तुमच्या खुर्चीत बसवा, तुम्ही इथं बसा. एवढंच करा."

"तू माझ्याकडून वचन घेतलंयस."

"मी नाही घेतलं!" त्यांनी त्यांची बाही घट्ट धरली. "तिनं घेतलं. तिला काय जातंय? ती उतरून मजेत घरी जाणार, लेकीला फोन करणार. इथं भोगतेय मी. तुम्ही तिचंच ऐकणार का?"

अच्युतरावांच्या मागे दोन पावलांवर त्यांची खुर्ची रिकामी होती. अदलाबदल करायला कोणी मनाई केली नसती. पण कुमुद त्या खुर्चीत बसली, की तिथून पुढचे सगळे तिला आठवणार. पोटरीतली ही कळ लगेच थोडीच थांबणार होती? ती पुन्हा स्वप्नात येईल, पुन्हा बॅग भंगारात जाईल, आणि ऑक्टोबरात उष्टावण भिंतीवरच्या पडद्यावर होईल. खाली उतरलेली कुमुद त्यांना त्याबद्दल कधी क्षमा करणार नाही. ही कुमुद क्षमा करील की नाही याचा प्रश्नच नव्हता, कारण काही तासांनी ती कुठेच नसणार होती. असा हिशोब आपण करतो आहोत, याची त्यांना उभ्या उभ्या लाज वाटली.

त्यांनी तिचा हात हातात घेतला. "उतरल्यावर तुला काही आठवणार नाही."

कुमुदताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. रडणे क्षणभर थांबले. "तुम्हाला आठवेल ना?"

"आठवेल."

"मग तेवढं तरी करा. मला विसरू नका."

बाकीचे अकरा तास त्यांनी बहुतेक उभ्यानेच काढले. पोटरी चोळली, पाणी दिले, पाठीमागे कांबळ्याची घडी घातली. तिने आणखी सात वेळा जागा बदलून मागितली. दर वेळी आधीचे मागणे ती विसरलेली असे आणि नव्याने, पहिल्यांदाच मागितल्यासारखे मागे. दर वेळी त्यांनी तेच सांगितले.

शेवटची चाळीस मिनिटे खुर्ची शेकू लागली. आठही रांगांमधले कण्हणे हळूहळू विरले. कुमुदताईंच्या चेहऱ्यावरच्या रेषा सुटल्या, आणि चाके टेकली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"आलं पण पुणं?" त्या म्हणाल्या. मग त्यांचे लक्ष नवऱ्याकडे गेले. "अहो, तुमचा चेहरा बघा जरा! म्हटलं नव्हतं, त्या जुन्या खुर्चीत हाल होतात म्हणून?"

दाराशी जाड्या गृहस्थांना पर्णिकाने तक्रारवही दाखवली. तशी रीत होती. त्यांनी स्वतःचे अक्षर पाहिले, ओशाळे हसले, पान फाडून खिशात घातले आणि म्हणाले, "कमाल आहे. झोपेत लिहिलं असणार."

सामानाची वाट पाहत दोघे बाकावर बसली असताना अच्युतरावांनी कुमुदताईंना सगळे सांगितले, एकही वाक्य न गाळता. कुमुदताई ऐकत होत्या. शेजारच्या बिऱ्हाडातल्या कोणा बाईचे दुखणे ऐकावे, तसे त्यांचे तोंड झाले होते.

"बिचारी," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खरोखर डोळ्यांना पदर लावला. मग विचारले, "तुम्ही काय म्हणालात तिला?"

"उतरल्यावर आठवणार नाही म्हणालो."

"बरोबर सांगितलंत." त्यांनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटले. "ती बघा आपली निळी बॅग. उचला."

अर्ध्या तासाने अच्युतरावांपुढे तक्ता आला. जुन्या खुर्चीच्या रकान्यात स्वतःची उत्तरे लिहिली, बेरीज एकोणचाळीस. नव्या खुर्चीसाठी सहप्रवाशाला विचारण्याची मुभा होती. त्यांनी कुमुदताईंना विसाही प्रश्न विचारले. चौऱ्याण्णव आले. शेडमधले दोन आकडे लिहायला तक्त्यात रकाना नव्हता. समासात पुष्कळ जागा होती. त्यांनी समासाकडे बराच वेळ पाहिले. केरसुणीने गोळा केलेल्या अक्षता त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या, आणि पांढरे पडलेले ओठही. मग त्यांनी खाली सही केली. त्या कागदावरचा एकही आकडा खोटा नव्हता.

दिवाळीपर्यंत सगळ्या विमानांतून जुन्या खुर्च्या काढायच्या असे सरकारने जाहीर केले. सप्टेंबरात अच्युतराव ऑक्टोबरची तिकिटे काढायला बसले तेव्हा जुन्यांची एकच रांग उरली होती, आणि तिच्यात एकच जागा मोकळी होती. सकाळचे अकरा वाजले होते. कुमुदताई स्वयंपाकघरात डिंक तळत होत्या आणि फोनवर नातीशी बोबडे बोलत होत्या.

कुमुदताईंच्या नावापुढे त्यांनी नवी खुर्ची घातली. स्वतःच्या नावापाशी बोट थांबले. त्या मोकळ्या जागेवर बसले तर विमानातली ती बाई पुन्हा हाका मारणार. तिला मागचे काही ठाऊक नसणार. ती पुन्हा पहिल्यापासून विनवणार, ते पुन्हा तेच उत्तर देणार. आणि ते सगळे मनात घेऊन दुसऱ्या दिवशी त्यांनी उष्टावणाच्या पाटावर बसायचे, नातीला चांदीच्या वाटीतली खीर भरवायची, फोटोत हसायचे.

"झालं का हो?" आतून विचारणा झाली.

"झालंच," ते म्हणाले. अंगठा पडद्यावर टेकवला. "माझीही नवीच घेतली."

"बरं केलंत बाई. उगाच कशाला त्रास?"

पडद्यावरची ती शेवटची जुनी जागा थोडा वेळ मोकळी दिसत राहिली. मग ती दुसऱ्या कोणी तरी घेतली. ऑक्टोबरात विमानात ती बाई रडेल तेव्हा अच्युतराव तिच्या शेजारीच असतील, तिचा हात हातात घेतील, कदाचित तिच्याबरोबर रडतीलही. पण ती रडली होती हे ठाऊक असलेले माणूस त्या विमानातून खाली उतरणार नव्हते.